बोरीवली ते मुलुंड, डोंगराला वळसा घालून: बहिणीच्या हिरव्या थराच्या शोधात

आमच्या बोरीवलीच्या घराच्या मागच्या खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या बरोबर पलीकडे, मुलुंडला, माझी धाकटी बहीण वैशाली राहते. पोपटाला जायला काही वेळ लागत नसेल. मला मात्र गाडी काढून अख्ख्या डोंगराला वळसा घालावा लागतो, म्हणून आम्ही भावंडं भेटण्यापेक्षा फोनवरच जास्त असतो.

श्रावणातल्या एका गुरुवारी तिचा फोन आला.

"दादा, तू ब्लॉगवर लोकांना कुठे फिरायचं ते सांगतोस ना? मला एक ट्रिप आखून दे."

"कुठली?"

"अंधेरी, घाटकोपर वगैरे."

"तिथे ट्रिपला कोण जातं गं? तिथे लोक कामाला जातात."

"म्हणूनच तुला सांगतेय."

वैशाली मुलुंडच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. डिसेंबरात तिच्या कॉलेजात आपल्या भागातल्या भूशास्त्रवाल्यांची परिषद भरायची होती. दोन दिवस शोधनिबंध आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बसमध्ये घालून खडक दाखवायला न्यायचं, अशी पद्धत. ही सहल दरवर्षी घाटातच जाते, कारण वैशालीचे विभागप्रमुख देवधर सर ती घाटातच नेतात. या वर्षी वैशालीने बैठकीत उपनगरांचं नाव काढलं. "पाहुण्यांना ट्रॅफिक दाखवणार का?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "रविवारी संध्याकाळपर्यंत मार्ग आणून दे. बस कुठे उभी राहील, जेवण कुठे, बायकांची सोय कुठे, सगळं. नाहीतर सोमवारी मी घाटाच्या बस पक्क्या करतो."

मार्गावर तिचं सत्रही अवलंबून होतं. 'शहराखालचा खडक' असं नावही तिने ठरवून ठेवलं होतं. मार्ग मान्य झाला तर ते सत्र सभागृहात होणार, नाही झाला तर तिचा निबंध व्हरांड्यातल्या पोस्टरांमध्ये लागणार. इतकी वर्षं परिषदेत तिच्याकडे चहा-नाश्ता आणि बॅजेस असायचे. स्वतःचं काम मांडायची ही पहिलीच वेळ होती.

"शनिवारी सकाळी ये," मी म्हटलं. "नाश्ता करूनच ये, तुझी वहिनी माहेरी गेलीय."

शनिवार: कान्हेरी आणि अंधेरी

कान्हेरीला जायचं असेल तर सकाळी उद्यान उघडतानाच दारात असा, आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं. दारातून लेण्यांपर्यंत आतली बस मिळते. पाण्याची बाटली पिशवीत आत ठेवा. माकडांना बाटली दिसली की ती तुमची राहत नाही.

मी बोरीवलीत जन्मलो. कान्हेरीला शाळेच्या सहलीतून गेलो, मुलांना घेऊन गेलो, पाहुण्यांना घेऊन तर कितीदा गेलो असेन. दर वेळी मी बुद्धाची मूर्ती बघितली, पाण्याची टाकी बघितली, डबा खाल्ला आणि खाली उतरलो. भिंत अशी कधी बघितलीच नाही. वैशालीने माझा हात धरून तो एका खांबावर ठेवला.

"काय लागतंय?"

"खडबडीत आहे."

"नीट बघ. हा एक दगड नाहीये. तुकडे आहेत, मोठे, बारके, सगळे एकात एक रुतलेले. स्फोटात उडालेला खडक राखेत पडला आणि राखेसकट घट्ट झाला. खोदणाऱ्यांना हे कळलं असणार. हा दगड छिन्नीने निघतो, पण कोसळत नाही."

त्यानंतर मला मूर्तीच्या खांद्यातही तुकडे दिसायला लागले. इतकी वर्षं ते तिथेच होते.

माझं काम मी चोख केलं. बस कुठे वळेल, स्वच्छतागृह कसं आहे, उन्हात किती चालावं लागेल, सगळं बघून घेतलं. कान्हेरी पास.

दुपारी अंधेरी पश्चिम. गणपतीचे मंडप बांधायला सुरुवात झाली होती, त्यामुळे निम्मे रस्ते बांबूंनी अडवलेले. गिल्बर्ट हिलला मोठी बस जात नाही. बस मुख्य रस्त्यावर सोडून गल्ल्यांमधून चालत जावं लागतं, वाटेत विचारत विचारत. मग इमारतींच्या मागे अचानक तो काळा कडा सरळ उभा दिसतो. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या आहेत. पण दगड बघायचा असेल तर आधी खाली उभं राहून मान वर करा. उभ्या खांबांची मोळी बांधून ठेवावी तसा तो कडा आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला वरून खालपर्यंत भेगा पडतात, त्याचे हे खांब, असं वैशालीने सांगितलं.

आम्ही फोटो काढत असताना एका बाल्कनीतून बनियनवाल्या काकांनी विचारलं, "बिल्डरकडून आलात काय?"

"नाही काका, कॉलेजातून."

"मग काढा, काढा."

वरून सगळी अंधेरी दिसते. पायऱ्या चढून मी घामाघूम झालो होतो. देवळाच्या ओट्यावर आम्ही बसलो, वैशालीने तिच्या पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढले.

"सरांना हे आवडेल," मी म्हटलं.

"सरांना हे माहीत आहे. कान्हेरीही माहीत आहे. ते म्हणणार, हे पुस्तकात आहे, यात तुझं काय?"

"मग तुझं काय?"

"घाटकोपर," ती म्हणाली. "उद्या दाखवते."

रविवार: मरोळचं जेवण

रविवारी आधी महाकालीची लेणी बघितली. कान्हेरीचा धाकटा भाऊ म्हणावा असाच दगड. तिथून मरोळ गावठाणात रीटाकडे गेलो. रीटा वैशालीची कॉलेजातली मैत्रीण, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची ख्रिश्चन, आता घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते. मरोळ म्हटलं की आपल्याला कारखाने आणि मेट्रो आठवते, पण एका वळणावर रस्ता अचानक अरुंद होतो, क्रूस दिसतो, कौलं दिसतात, आणि माणसं एकमेकांना नावाने हाक मारत असतात.

"तुम्ही इथे कधीपासून?" मी गप्पांच्या ओघात विचारलं.

"विमानतळाच्या आधीपासून," रीटाची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

सहलीच्या जेवणाच्या नमुन्यात गरम फुगे होते, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, बाहेरून लालसर आणि आत पोकळ. सोबत बाटलीच्या मसाल्यातलं चिकन; वर्षभराचा मसाला कुटून ते बाटल्यांत भरून ठेवतात, तो हा. मला श्रावण आहे हे वैशालीने आधीच कळवलेलं, म्हणून माझ्यासाठी त्याच मसाल्यातले वाल होते. संकोच वाटून मी काहीतरी म्हणालो, तर रीटाची आई म्हणाली, "आमच्या शेजारी सगळे श्रावणवाले. वाल मला डोळे झाकून येतात. खा."

खरं सांगतो, त्या वालांसाठी मी पुन्हा मरोळला जाणार आहे. रीटाने पॅकेटचा भाव सांगितला, वैशालीच्या कॉलेजच्या कँटीनपेक्षा थोडा जास्त आणि चवीच्या मानाने खूपच कमी. तिच्या घरासमोरच्या पटांगणात सावली होती, दोन स्वच्छतागृहं होती. जेवणाचं ठिकाण ठरलं.

"आता तुझं घाटकोपर," मी वैशालीला म्हटलं. ती गाडीत बसली, परीक्षेला निघालेली मुलगी बसते तशी बॅग मांडीवर घेऊन.

घाटकोपर

एमएस्सीला असताना वैशाली घाटकोपर पश्चिमेच्या एका टेकडीवर महिनोन्महिने जात होती. काळ्या दगडाच्या दोन जाड थरांच्या मधोमध तिला हिरवट राखेचा एक पातळ थर सापडला होता. त्यावर तिने प्रबंध लिहिला, तिला मार्क चांगले मिळाले. मग आईचं आजारपण, लग्न, नोकरी, मुलगी. थर तिथेच राहिला. परिषदेतला निबंध त्यावरच होता. ती म्हणायची, पाहुण्यांना त्या थरावर बोट ठेवू द्यायचं, मग कुणी हसणार नाही.

वस्तीच्या खाली गाडी लावून आम्ही चढायला लागलो. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना घरं, मध्ये गटार, डोक्यावर वायरी. पाऊस नव्हता पण सगळं ओलं होतं. शेवटच्या वळणावर वैशाली माझ्या पुढे होती. ती थांबली.

समोर काँक्रीटची भिंत होती. शेवटच्या घरांच्या मागच्या अंगणांना लागून, दोन माणसं उंच, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंतीच्या वरचा उतारही जाळी लावून सिमेंटने झाकलेला. टेकडी अशी कुठेच उघडी नव्हती.

"इथेच होता," ती म्हणाली. मग भिंतीवर हात ठेवून पुन्हा म्हणाली, "इथेच होता रे दादा."

आमची आई गेली तेव्हाही ही अशीच, आवाज न चढवता बोलत होती. मी म्हटलं, "फोटो आहेत ना तुझ्याकडे जुने?"

"फोटो व्हरांड्यात लागतात," ती म्हणाली आणि तिथल्याच एका घराच्या पायरीवर बसली.

घरातून एक बाई बाहेर आल्या. नाव सुनंदाताई, मूळच्या कणकवलीकडच्या, इथे लग्न होऊन आल्या ते राहिल्याच. त्यांनी आधी पाणी आणून दिलं आणि मग विचारलं, "कोणाकडे आलात?"

"भिंतीकडे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

"भिंतीकडे? बरी बांधलीय ना? दोन पावसाळे झाले. त्याच्या आधी एका पावसात मागची सगळी माती आमच्या स्वयंपाकघरात आली होती. आम्ही पुढच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. नंतर दर पावसात मी मुलींना घेऊन खाली बहिणीकडे जायची. ही भिंत झाल्यापासून घरात झोपते."

वैशालीने मान वर केली. "ताई, ती माती कशी होती? रंग कसा होता?"

"कसली?"

"घरात आली ती."

सुनंदाताईंनी थोडा विचार केला. "वरची लाल होती. पण खाली चिखल साचला तो हिरवट. शेवाळ असेल असं वाटलं मला. बुळबुळीत, साबणासारखा. धुता धुता जीव गेला."

वैशाली उठली. तिचा चेहरा मी बघत होतो. आनंद नव्हता त्यात, दुःखही नव्हतं. ती भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली, वाकून बघत. मी मागे. भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर ओळीने नळीएवढी भोकं ठेवलेली होती. काही भोकांतून पाणी झिरपत होतं आणि त्या पाण्याने काँक्रीटवर हिरवट गाळाचे ओघळ काढले होते. तिने एका ओघळाला बोट लावलं, गाळ दोन बोटांत चोळला, आणि माझ्यापुढे धरला.

"हाच. ओली राख. वर काळ्या दगडाचं ओझं आणि खाली हा साबण. इथूनच घसरलं असणार सगळं. मी याला सुंदर म्हणून प्रबंध लिहिला, दादा, आणि खाली माणसं राहत होती."

"तेव्हा भिंत पण नव्हती, दरड पण पडली नव्हती," मी म्हटलं.

ती ऐकत नव्हती. ती पुढच्या भोकापाशी वाकली होती. त्यात चिंध्या कोंबलेल्या होत्या. त्याच्या पुढच्यात सिमेंट भरलेलं. त्याच्या पुढच्यात प्लास्टिकची बाटली ठोकून बसवलेली. पुढे बघत गेलो तर ओळीतली बरीचशी भोकं बुजवलेली होती.

"ताई, ही कोणी बंद केली?"

"आम्हीच," सुनंदाताई म्हणाल्या. "घाण येते त्यातून. अंगणात चिखल होतो, मुली घसरतात. आणि डास."

"ती उघडायला हवीत."

"का म्हणून?"

"ते पाणी आत राहिलं तर भिंतीच्या मागे साठत जाणार. पाण्याला वजन असतं. एक दिवस ते भिंतीलाच ढकलेल. ही भोकं आहेत म्हणून भिंत उभी आहे."

"आम्हाला नाही कोणी सांगितलं असं," त्या म्हणाल्या, थोड्या रागानेच. आणि त्यांचं बरोबरच होतं, कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या घरातून एक गृहस्थ आले. कांबळेकाका, रिक्षा चालवतात, रविवारची झोप मोडली म्हणून वैतागलेले. "मॅडम, तुम्ही जाल उघडून. चिखल आमच्या दारात," ते म्हणाले.

वैशालीने वाद घातला नाही. तिने त्यांना भिंतीपाशी नेलं आणि एका भोकातली चिंधी लोखंडी सळईने उपसून काढली. आधी काही झालं नाही. मग भसकन पाणी आलं, कांबळेकाकांच्या पायजम्यावर, आणि ते थांबेचना. सगळे बघत उभे राहिले. सुनंदाताईंनी मुलीला मागे ओढलं. इतकं पाणी आत होतं.

बऱ्याच वेळाने धार बारीक झाली. काका पायजमा झटकत म्हणाले, "बाकीच्यात पण एवढं आहे काय?"

"बघायला लागेल," वैशाली म्हणाली.

"मग बघूया," सुनंदाताई म्हणाल्या. "पण चिखल अंगणात नको. नळ्या लावू. भोकातून नळी काढायची ती थेट गटारात."

आमच्या वेळापत्रकाप्रमाणे त्या वेळी आम्ही मुलुंडला पोचलेलो असायला हवं होतं. त्याऐवजी मी कांबळेकाकांच्या रिक्षातून नळ्या आणायला खाली स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. वाटेत ते म्हणाले, "तुमची बहीण बोलते कमी, पण बोलते ती ऐकायला लागते." मी म्हटलं, घरी पण असंच आहे. परत आलो तर बोळातली निम्मी माणसं कामाला लागलेली. कुणी छिन्नीने सिमेंट फोडतंय, कुणी बाटली उपसतंय, आणि वैशाली चिखलात उकिडवी बसून, ओढणी कमरेला खोचून, कुठल्या भोकातून किती पाणी येतंय ते दर घरवाल्याला समजावून सांगतेय. एका घराने दार उघडलं नाही. सुनंदाताई म्हणाल्या, "त्यांचं मी बघते."

निघताना वैशालीने त्यांना परिषदेचं सांगितलं आणि विचारलं, डिसेंबरात काही लोकांना इथे आणलं तर चालेल का.

"किती लोक?"

"थोडे थोडे करून आणीन."

"आणा. पण नुसतं बघून जायचं नाही. ही भोकं कशी ठेवायची ते सगळ्या बोळाला सांगून जायचं."

मुलुंड

देवधर सरांच्या दारात आम्ही उभे राहिलो तेव्हा अंधार पडला होता आणि आमचे कपडे बघण्यासारखे नव्हते. देवधरकाकूंनी आधी पाय धुवायला लावले, मग पोहे दिले. मी माझा मार्ग सांगितला: कान्हेरी, गिल्बर्ट हिल, महाकाली, मरोळला जेवण, बस कुठे थांबेल, कुठे चालावं लागेल. सर ऐकत होते. मग म्हणाले, "आणि घाटकोपर? तुझा थर?"

"थर झाकलाय, सर," वैशाली म्हणाली. "भिंत झालीय."

"मग तिथे दाखवणार काय?"

"भिंत. भोकांतून थर गळतोय, तो. आणि तिथली माणसं. निबंध पण बदलणार आहे मी. थर कसा झाला हे एका पानात, आणि तो कसा घसरतो हे बाकीच्यात."

काकूंनी माझ्या बशीत पुन्हा पोहे वाढले. सरांनी चष्मा काढला.

"गल्ली अरुंद असेल. सगळे एकदम नेऊ नकोस, लोकांची घरं आहेत."

"गटागटाने नेणार, सर. त्यांना विचारलंय."

"दोन बस करू. एक घाटात, एक तुझी. ज्याला जे हवं ते. तुझं सत्र पहिल्या दिवशी सकाळी ठेवतो, म्हणजे लोकांना बस निवडता येईल." मग म्हणाले, "मी मात्र घाटाच्या बसमध्ये असेन गं. माझं निवृत्तीचं वर्ष आहे."

"मला माहीत होतं, सर," ती म्हणाली आणि पहिल्यांदा दिवसभरात नीट हसली.

घरी

मी वळसा घालून बोरीवलीला परत आलो. बुटांचा चिखल वाळला तेव्हा हिरवट दिसत होता. बायको माहेरहून आल्यावर म्हणाली, कुठे शेतात गेला होतात का. मी म्हटलं, घाटकोपरला. तिचा विश्वास बसला नाही.

ज्यांना हा फेरफटका करायचाय त्यांनी दोन दिवस काढा, पायात घट्ट बूट घाला, आणि मरोळला आधी फोन करून जेवण सांगा. घाटकोपरचा बोळ मात्र मी इथे नावानिशी लिहीत नाही. ते बघायचं ठिकाण नाही, तिथे लोक राहतात. आपल्या भागात अशी भिंत असेल तर तिची भोकं मोकळी आहेत का, एवढं बघून या.

पुढच्याच आठवड्यात पाऊस पुन्हा लागला, दिवसभर नुसता कोसळत होता. संध्याकाळी वैशालीने मला एक ध्वनिसंदेश पुढे पाठवला, सुनंदाताईंनी तिला केलेला. आधी नुसता पाण्याचा आवाज, बराच वेळ, आणि मग त्यांचा आवाज: "ऐकलंस काय गं? सगळ्या नळ्या चालू हत. त्या घराची पण उघडून घेतलंय. मुली झोपल्या. मी पण आता झोपतंय."

मी तो संदेश दोनदा ऐकला. मग खिडकीशी गेलो. पावसात डोंगर दिसत नव्हता, पण पहिल्यांदाच मला वाटलं की त्याच्या पलीकडे मुलुंडच्या आधी आणखी एक घर ओळखीचं झालंय.